गाल बघणारं कुणी

लाउगाचं कपडे घालणं शेगडीपाशी सुरू व्हायचं आणि दारात संपायचं. मध्ये कुठे टेकायचं नाही, ही त्या घराची रीत.

आधी अंगालगतचे लोकरीचे. रात्रभर शेगडीमागच्या दोरीवर वाळलेले, खरखरीत, लाकडाच्या धुराचा वास लागलेले. सुती काही नाही. सुती बनियन घालून सरोवराच्या बर्फावर जाणाऱ्याला ब्यार्कविक गावात कुणी मूर्ख म्हणत नसे. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणून. मग पायमोज्यांचे दोन जोड, वरचा आतल्यापेक्षा सैल, कारण पाय आवळला की रक्त अडतं आणि रक्त अडलं की बोटं जातात. मग जाड लोकरी विजार, खांद्यावरून पट्टे घेतलेली. बुटांत नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचं अस्तर, तेही रोज रात्री उपसून वाळवलेलं. एवढं झालं की ती स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची आणि पुढच्या थंड खोलीत यायची.

बाहेरचा कोट तिथेच खुंटीला. लांडग्याच्या केसांची झालर असलेली टोपी त्यालाच शिवलेली. हा कोट उबेत आणायचा नाही. आणला की झालरीतलं, शिवणीतलं हिम वितळतं, पाणी कापडात उतरतं, आणि बाहेर पाऊल टाकलं की त्या पाण्याचा पत्रा होतो. कोट चढवला, हातमोजे दोरीने गळ्यात अडकवले, की निघायचं. निघताना अंगावर शिरशिरी आली तर कपडे बरोबर. दारातच ऊब वाटली तर काहीतरी एक काढून ठेवायचं, कारण पुढे बर्फ फोडायला पहार चालवताना घाम फुटणार, आणि उणे अडतीसमध्ये ओल्या पाठीवर कुठलाच कोट चालत नाही. म्हणून कपडे केलेल्या माणसाला ब्यार्कविकमध्ये कुणी ‘ये, बस’ म्हणत नाही. बोलायचं असेल तर तुम्ही बाहेर या.

त्या थंड खोलीत खुंट्या दोन होत्या. दुसरीवरचा कोट ऑक्टोबरपासून हलला नव्हता.

तो थोर्लाकचा. थोर्लाक तिचा थोरला भाऊ. दोघांनीही लग्न केलं नाही. लाउगाला एकदा मागणी आली होती, सरोवरापासून आत राहणाऱ्या एका गहूवाल्या शेतकऱ्याची. पण त्याच्या घरातून सरोवर दिसत नव्हतं म्हणून ती नाही म्हणाली. हे कारण गावात कुणाला पटलं नाही, आणि गावाला पटावं म्हणून तिने दुसरं शोधलंही नाही.

बर्फावर मासेमारीला ती आली तीही अशीच, कुणाला न विचारता. थोर्लाकचा जोडीदार उत्तरेला निकेलच्या खाणीत कामाला गेला. जाळं बर्फाखाली दोन भोकांमधून जातं. एकाने एका भोकातून ओढायचं, मासे काढायचे, दुसऱ्याने दुसऱ्या भोकापाशी दोर सोडायचा. एका माणसाचं काम नव्हे. लाउगाने मेलेल्या बापाची विजार कमरेत दुमडून शिवली आणि दुसऱ्या भोकापाशी जाऊन उभी राहिली. गावातले बाप्ये हसले. बाईमाणूस बर्फावर लघवीला कसं बसणार, हा त्यांना पडलेला मोठा प्रश्न. जाळं ओढता येईल का, हे कुणी विचारलं नाही. तिने त्या विजारीला मागून बटणांची झडप शिवली, आणि थोर्लाक गरजेच्या वेळी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहू लागला. प्रश्न संपला. हसणाऱ्यांच्या बायकांनी पुढे तीच झडप शिवण्यासाठी कागदावर नमुना काढून नेला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

भाऊ-बहीण बोलत फार नसत. पण एक गोष्ट दर जाळ्यानंतर व्हायचीच. दोन भोकांच्या मधोमध दोघं समोरासमोर यायचे आणि एकमेकांचं तोंड बघायचे. अशा थंडीत माणसाला आपला गाल कळत नाही. आधी टोचतं, मग टोचायचं थांबतं, आणि थांबलं की बरं वाटतं, तिथेच घात. कातडीवर मेणासारखा पांढरा डाग येतो आणि तो समोरच्यालाच दिसतो. दिसला की थोर्लाक एवढंच म्हणायचा, “गाल.” मग लाउगा हातमोजा काढून तळवा गालावर दाबून धरायची. कधी ती म्हणायची, “नाक,” आणि तो आपलं नाक मुठीत धरायचा. डाग नसेल तर तो मान हलवायचा आणि आपल्या भोकाकडे निघायचा. इतके हिवाळे एक माणूस दिवसातून कितीदा तरी तिच्या तोंडाकडे नीट, थांबून बघत होता. नवरा असलेल्या बायकांनासुद्धा एवढं मिळत नाही. हे तिला तो गेल्यावर कळलं.

तो ऑक्टोबरात गेला. बोट उलटी करून ठेवताना खाली बसला तो उठला नाही.

डिसेंबरात बर्फ धरला तेव्हा कोळ्यांची बैठक बसली. बाल्डर हा त्यांचा म्होरक्या. माणूस वाईट नव्हे, पण त्याला दोन धडधाकट मुलगे होते, आणि लाउगाची मासेमारीची जागा, किनाऱ्याच्या टोकाला उत्तरेकडे खडकाळ उथळ पाण्याजवळची, तिच्या बापाने धरलेली, सगळ्यांत चांगली.

“एकट्याने बर्फावर जायचं नाही, हा नियम तुझ्या बापानेच केलाय, लाउगा,” बाल्डर म्हणाला.

“माझ्या बापाने पुष्कळ नियम केले. तुझ्या बापाने दारूच्या पायी सगळे मोडले.”

मागे कुणीतरी कॉफीच्या कपात फुसकन हसलं.

“जोडीदार आण आणि जा,” बाल्डर म्हणाला. “माझा धाकटा देतो हवं तर.”

“तुझा धाकटा आज माझं जाळं ओढेल, उद्या जागा ओढेल. मी एकटी जाते.”

बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: फेब्रुवारीच्या बैठकीपर्यंत ती एकटी जाईल. पण एकदा, फक्त एकदा जरी तिला शोधायला कुणाला बर्फावर जावं लागलं, तर त्याच दिवशी जागा सोडायची. फेब्रुवारीत काय ते पुन्हा बघू.

“चालेल,” लाउगा म्हणाली आणि कॉफी न संपवता उठली. ती जागा गेली तर तिच्याकडे उरणार काय होतं? शेगडी आणि दोन खुंट्या.

त्यानंतर ती रोज एकटी. स्नोमोबाइलला, बर्फावर चालणाऱ्या गाडीला, घसरगाडी जोडायची, तीवर पहार, खोके, वाऱ्याला आडवा लावायचा ताडपत्रीचा आडोसा, आणि थोर्लाकची पिशवी. ही पिशवी कोरड्या कपड्यांची. ती भरणं आणि बांधणं नेहमी त्याचं काम. लाउगा आता ती रोज सकाळी घसरगाडीला बांधायची, रोज संध्याकाळी सोडायची, उघडायची मात्र नाही. एकटीला काम म्हणजे दुप्पट चालणं: या भोकातून ओढा, त्या भोकाकडे जा, दोर परत खेचा. मधोमध आली की पाय आपोआप थांबायचे. तिने थोर्लाकचा दाढीचा आरसा दोरी लावून गळ्यात घातला होता. तो काढून ती तोंडासमोर धरायची, पण श्वासाने आरसा लगेच पांढरा व्हायचा. श्वास रोखून बघावं तर क्षणभर एक चेहरा दिसायचा. डाग कुठला आणि आरशावरचं हिम कुठलं, ते कळायचं नाही. मग ती अंदाजाने दोन्ही गालांवर हात दाबायची आणि पुढे जायची. दिवसचे दिवस तिचा आवाज फक्त गाडी सुरू होत नसेल तेव्हाच कानी यायचा, आणि ते शब्द काही चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी वारा थेट उत्तरेचा होता. लाउगा थंड खोलीत कोट चढवून, टोपी ओढून तयार होती. हात कडीवर होता. तेवढ्यात बाहेरून दारावर थाप पडली.

मालविना. पलीकडच्या मेटी वस्तीतली, मूळ रहिवासी आणि गोऱ्यांच्या मिश्र वंशाची. तरुणपणी दोघी मासे साफ करायच्या शेडमध्ये शेजारी-शेजारी उभ्या राहायच्या, खवल्यांनी बरबटलेल्या. मग मालविना लेकीकडे विनिपेगला गेली ती गेलीच. आता दारात उभी होती, पोट वाढलेलं, केस पांढरे, हातात फडक्यात गुंडाळलेली बॅनकची जाड गरम रोटी, अंगावर शहरातलं झुळझुळीत निळं जाकीट. असल्या जाकिटावर आत चिठ्ठी असते की हे उणे चाळीसला चालतं. चालतं, घरातून मोटारीत आणि मोटारीतून दुकानात जायला.

“तू निघालीयेस,” मालविना म्हणाली. “मी जाते. उद्या येईन.”

तिला रीत ठाऊक होती. लाउगालाही होती. पण ऑक्टोबरनंतर त्या दारावर पडलेली ती पहिली थाप, जी देणाऱ्याच्या हातात सहानुभूतीचा केक नव्हता.

“आत ये,” लाउगा म्हणाली.

“तू कपडे केलेत, बाई.”

“पाच मिनिटं. ये म्हणते ना.”

आणि ती कोटासकट स्वयंपाकघरात गेली. वरची दोन बटणं तेवढी काढली. तिचं तिलाच वाटलं, कोट उतरवला नाही म्हणजे आपण काही बसलो नाही.

पाच मिनिटं कुठली. मालविनाने बॅनक फोडली, लाउगाने लोणी काढलं, किटली दोनदा चढली. मालविना लेकीच्या घरातल्या गालिच्याची गोष्ट सांगत होती. त्यावर चालायचं नाही, असला गालिचा. “मग विचारलं मी, घेतला कशाला? म्हणे, बघायला. अगं, बघायला तर मीपण आहे, माझ्यावरही कुणी चालत नाही, तरी मला कुणी किंमत देत नाही.” लाउगा हसली. कितीतरी दिवसांनी तिला आपलं हसू ऐकू आलं आणि ते जरा गंजल्यासारखं वाटलं. शेगडी लाल झाली होती. टोपीच्या झालरीतून थेंब मानेत उतरत होते. पाठीवरून घामाची धार लोकरीत शिरत होती. तिला सगळं कळत होतं. ती उठली नाही.

“आता मी परत जाणार नाही,” मालविना कपाकडे बघत म्हणाली. “भाच्याकडे मागची खोली आहे. लाउगा, तुला बर्फावर कुणी हवंय असं ऐकलं. मी मोकळी आहे.”

लाउगाच्या डोळ्यांसमोर दुसरी खुंटी आली. “तुझे गुडघे,” ती म्हणाली.

“गुडघे माझे आहेत. दुखले तर मला दुखतील.”

“मला कुणी नकोय. चाललंय माझं.”

मालविनाने फडकं झटकलं, चौकोनी घडी घातली. “बरं,” ती म्हणाली. “पण तू आता कपडे बदलून जा. डबक्यातून काढल्यासारखी दिसतेस.” आणि ती गेली.

बदलायलाच हवं होतं. आतपासून सगळं, मोज्यांसकट. पण दिवस छोटा, उजेड निम्मा गेलेला, आणि लाउगाला स्वतःचाच इतका राग आला होता की त्या स्वयंपाकघरात आणखी थांबवेना. गाडीची दोरी हिसकून ती निघाली.

पहिलं जाळं ओढेपर्यंत काम करत असल्यामुळे बरं होतं. दुसऱ्या भोकाकडे चालताना वारा कोटातून शिरला. शिरला म्हणजे, कोट त्याला अडवेचना. टोपीची झालर काठीसारखी ताठ झाली होती, मानेपाशी कापड कडक, वाकलं की करकरायचं. पाठीला कुणीतरी लोखंडी पत्रा चिकटवल्यासारखं झालं. ओल्या जाळ्यातून मासा सोडवताना बोटं ऐकेनात. मासा हातातून निसटून बर्फावर पडला आणि दोनदा आपटून वाकडा गोठला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला वाटलं, जरा बसावं.

हा विचार ओळखीचा होता. बापाने सांगितलं होतं, बसावंसं वाटलं की ते तुला वाटत नाहीये, थंडीला वाटतंय.

ती गाडीकडे गेली. सुरू करायची दोरी ओढली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा ओढली. हातात जोर नव्हता. किनारा दिसत होता, बाल्डरच्या धुराड्यातला धूर सरळ आडवा झालेला दिसत होता. काळोख पडल्यावर तिच्या खिडकीत दिवा दिसला नाही की बाल्डर येणारच. मुलग्यांना घेऊन, कंदील घेऊन, मान हलवत. माणूस वाचेल. जागा जाईल.

घसरगाडीवर पिशवी होती.

गाठ थोर्लाकची नव्हती, तिचीच होती, तरी सुटायला वेळ लागला. आत त्याचा जाड लोकरी सदरा. पायमोजे. आईने विणलेला हातमोज्यांचा जोड, प्रत्येक मोज्याला दोन अंगठे. एक बाजू झिजली किंवा भिजली की उलटा करून दुसऱ्या अंगठ्यात घालायचा. आणि तळाशी कागदात पेपरमिंटच्या गोळ्या, ज्या त्याने डॉक्टरच्या सांगण्यावरून सोडल्याचं तो कायम सांगायचा.

“खोटारडा,” लाउगा मोठ्याने म्हणाली.

तिने ताडपत्रीचा आडोसा वाऱ्याला आडवा लावला, त्यामागे गुडघ्यावर बसली, कोट काढला, आणि भर बर्फावर अंगातलं ओलं ओरबाडून काढलं. त्या क्षणाचं काय सांगावं? पोळल्यासारखं झालं. मग डोक्यावरून भावाचा सदरा आला, कोरडा, तिच्या दुप्पट मापाचा, आणि त्याच्या सैलपणात हळूहळू तिचीच ऊब साठू लागली. पायमोजे बदलले. कडक कोट वरून घातला, तो वाऱ्यापुरता. काढलेला सदरा एव्हाना फळीसारखा उभा राहिला होता, बाह्या पसरून. दोन अंगठ्यांचे हातमोजे घालून ती आडोशाभोवती गोल गोल चालत राहिली, तोंडात पेपरमिंट, हातांची बोटं दुखायला लागेपर्यंत. दुखलं तेव्हा तिला बरं वाटलं. मग तिने दोरी ओढली, आणि गाडी लागली.

उजेड असतानाच ती घरी होती. खिडकीत दिवा लावला. तिला कुणी शोधायला गेलं नव्हतं. जागा तिची होती.

कोट थंड खोलीत टांगून ती आत आली आणि सवयीने गळ्यातला आरसा काढला. इथे तो पांढरा झाला नाही. डाव्या गालावर रुपयाएवढा मेणचट डाग होता. केव्हाचा, कोण जाणे. तिने तळवा लावला. बराच वेळ लावून धरला. ऊब परत आली ती सुई टोचल्यासारखी, आणि ती दुखत असताना लाउगा स्वयंपाकघरात उभीच होती, तळवा गालावर, मालविनाच्या उष्ट्या कपाकडे बघत.

दुसऱ्या दिवशी ती बर्फावर गेली नाही. तिसऱ्या सकाळी डाग काळपट झाला होता. तिने शेगडीपासून दारापर्यंत सगळं रीतीप्रमाणे घातलं. थोर्लाकची पिशवी भरली, या वेळी स्वतः, दोघांपुरती. दुसऱ्या खुंटीवरचा कोट काढून खांद्यावर टाकला आणि मालविनाच्या भाच्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

मालविना गाऊनवर शाल घेऊन आली. “आत ये.”

“कपडे केलेत,” लाउगा म्हणाली.

मालविनाने तिचा गाल बघितला. बघतच राहिली. “बदलून गेली नाहीस.”

“नाही.”

“आणि कुणी सांगायला नव्हतं.”

“ते ऐकायला आले नाही मी. ते निळं झुळझुळीत ठेव घरात. आत लोकरीचं घाल, सुती काही नको. हा कोट घे. मोठा होईल, होऊ दे.”

“गुडघे माझे—”

“तू दोर सोड. मी ओढते. उजेड चाललाय.”

दार बंद झालं. आतून आपटल्याचे, धडपडल्याचे, शिव्यांचे आवाज आले. “किती मोजे?” “दोन. वरचा सैल.” “सैल कुठून आणू?” “भाच्याचे घे.” लाउगा बाहेर पायरीखाली उभी होती, वाऱ्याकडे पाठ करून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. वाट बघताना ती कुडकुडली. म्हणजे कपडे बरोबर होते.

बर्फावर मालविना दुसऱ्या भोकापाशी उभी राहिली आणि बोलतच राहिली. वाऱ्यात तिचं निम्मंच ऐकू येत होतं. पहिलं जाळं झालं. लाउगा मधोमध आली, थांबली. मालविना दोर गुंडाळत लेकीच्या गालिच्याबद्दलच काहीतरी सांगत होती. मधोमध येऊन एकमेकींचं तोंड बघायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लाउगाला वाटलं, परत फिरावं. थोर्लाकच्या कोटातली ती आकृती लांबून अगदी त्याच्यासारखी दिसत होती, फक्त बुटकी आणि बडबडी.

“मालविना,” तिने हाक मारली. “इकडे ये. माझं तोंड बघ.”

मालविना आली. दोन्ही हातांनी लाउगाच्या टोपीची झालर मागे केली आणि जवळ वाकून, डोळे बारीक करून, सावकाश बघितलं. कपाळ, नाक, तो काळपट डाग, दुसरा गाल.

“पांढरं काही नाही,” ती म्हणाली. “नुसती म्हातारी झालीयेस.”

आणि ती आपल्या भोकाकडे वळली. लाउगा क्षणभर तिथेच उभी राहिली. तिचं हे म्हातारं होणं थोर्लाकनेही कितीतरी हिवाळे बघितलं असणार. तो मान हलवायचा आणि जायचा.